झेप्टोचे यश आणि आपल्या तरुणांचे भांडवल

विशीही न गाठलेल्या आदित पालिचा आणि कैवल्य व्होरा यांनी 2021 मध्ये मुंबईत झेप्टो सुरू केली. 2023 मध्ये कंपनीचे मूल्य 140 कोटी डॉलर ठरले. हा नफा नव्हे. गुंतवणूकदारांनी समभागांना लावलेला भाव आहे. किराणाकार्ट हा आधीचा प्रयोग त्यांना बदलता आला, कारण पाठीशी भांडवल होते.

बाबासाहेबांनीही मुंबईत शेअर-सल्ल्याची पेढी काढली होती. जात कळताच ग्राहक थांबले. सोलापुरातील आपल्या वस्त्यांत आजही पहिला धंदा बुडाला की घर कर्जात जाते. म्हणून नुसते जिद्दीचे धडे पुरेसे नाहीत, असे आम्हाला वाटते. 2020 च्या आंबेडकर सोशल इनोव्हेशन अँड इन्क्युबेशन मिशनमध्ये अनुसूचित जातींच्या तरुणांसाठी तीन वर्षांत 30 लाखांपर्यंत भागभांडवलाची तरतूद झाली; ते कर्ज नव्हे. अशा योजना महाविद्यालयांपर्यंत नेणे हे आपणा कार्यकर्त्यांचे काम आहे.