नकाशातील दार आणि त्याचे नियम

इमारतीच्या नकाशात भिंती जागोजागी निराळ्या पडतात, परंतु दारे, खिडक्या, वॉशबेसिने आणि पलंग पुन्हा पुन्हा तेच येतात. आणि जे पुन्हा येते ते दर वेळी नव्याने रेखाटण्याचे श्रम वाचावेत, ही इच्छा आरेखकाच्या व्यवसायाइतकीच जुनी असावी. आकृती एकदाच काढावी, तिला नाव देऊन ती संग्रही ठेवावी, हवी तेथे तिची प्रतिकृती बसवावी, आणि मूळ सुधारताच साऱ्या प्रतिकृती आपोआप सुधाराव्यात, ही कल्पना आयव्हन सदरलंड यांनी १९६३ साली एम.आय.टी.ला सादर केलेल्या ‘स्केचपॅड’ या प्रबंधात प्रत्यक्ष चालवून दाखविली होती. दोन रेषा समांतरच राहाव्यात किंवा सारख्याच लांबीच्या असाव्यात, अशा अटीही त्यांच्या यंत्राला घालता येत. पुढे १९८२ साली निघालेल्या ऑटोकॅडमुळे संगणकावरचे आरेखन लहानसहान कचेऱ्यांपर्यंत पोचले, आणि नाव देऊन ठेवलेल्या अशा आकृतीला तेथे ‘ब्लॉक’ म्हणू लागले.

या साध्या ब्लॉकची उणीव दार काढताना विशेष जाणवते. शयनगृहाचे दार ९०० मिलिमीटरचे आणि स्नानगृहाचे ७५० चे असेल, तर ९०० चा ब्लॉक प्रमाणात लहान करून भागत नाही, कारण रुंदीबरोबर चौकटीची जाडीही घटते आणि भिंतीशी तिचा मेळ राहत नाही. साहजिकच प्रत्येक मापाचा निराळा ब्लॉक करावा लागे, आणि कचेरीच्या दफ्तरात एकाच दाराच्या अनेक फायली साठत. ही अडचण ओळखून ऑटोकॅडच्या २००६ च्या आवृत्तीत डायनॅमिक ब्लॉकची, म्हणजे नकाशात बसविल्यावरही मापे बदलता येणाऱ्या ब्लॉकची, तजवीज करण्यात आली.

त्याची घडण दोन गोष्टींवर उभी आहे. पॅरामीटर म्हणजे आकृतीतील काय बदलू शकते याची नोंद, आणि ॲक्शन म्हणजे ते बदलले असता कोणत्या रेषांनी काय करावे याचा हुकूम. पॅरामीटर असून ॲक्शन नसेल तर ओढण्यासाठी असलेले पकडीचे (ग्रिपचे) निळे चिन्ह हलते, पण दार जागचे हलत नाही. हे नियम देण्यासाठी ब्लॉक एडिटर ही खिडकी उघडून ९०० चे दार घ्यावे आणि बिजागरीच्या बिंदूपासून समोरच्या चौकटीपर्यंत ‘रुंदी’ या नावाचा लिनिअर पॅरामीटर द्यावा. समोरच्या चौकटीला स्ट्रेच ॲक्शन जोडली म्हणजे ती आपली जाडी न बदलता सरकते. उघड्या स्थितीत काढलेली झडप मात्र भिंतीशी काटकोनात उभी असते, म्हणून तिच्या टोकाला दुसरी स्ट्रेच ॲक्शन देऊन तीत ९० अंशांचा कोनबदल नोंदवावा लागतो, जेणेकरून पकड आडवी ओढली असता झडप उभी वाढेल. झडपेच्या फिरण्याचा चाप राहिला. त्याला स्केल ॲक्शन द्यावी आणि तिचा आधारबिंदू बिजागरीवरच मुकर्रर करावा, म्हणजे चापाची त्रिज्या रुंदीबरहुकूम राहते.

यानंतर बिजागरी डावीकडे की उजवीकडे, आणि दार आत उघडते की बाहेर, यांसाठी दोन फ्लिप पॅरामीटर लागतात. आणि नवशिक्याचे दार बिघडते ते बहुधा येथेच. डावे-उजवे करणारी परावर्तनाची रेषा ९०० च्या दारात ४५० वर असते. दार १२०० चे केले तरी ती ४५० वरच राहते, आणि मग फ्लिप करताच दार आपली जागा सोडून भिंतीत शिरते. यावरचा उपाय मला या साऱ्या विद्येतील सर्वांत सुंदर वाटतो: त्या रेषेलाच रुंदीच्या पॅरामीटरशी एक मूव्ह ॲक्शन जोडावी आणि तिचा गुणक अर्धा ठेवावा. रुंदी ३०० ने वाढली की रेषा १५० ने सरकते आणि ती नित्य मध्यावरच राहते. ज्याने दाराचा असा विचार केला, त्याला दार खऱ्या अर्थाने समजले असे मी म्हणेन.

रुंदी मनास येईल तितकी ओढण्याची मुभा मात्र देऊ नये. पॅरामीटरला ७५०, ९००, १००० आणि १२०० अशी मापांची यादी लावून देता येते, आणि मग पकड ओढताना ती त्या मापांवरच थांबते. ही मर्यादा म्हणजेच डायनॅमिक ब्लॉकचे खरे मोल, असे माझे मत आहे; कारण ओढण्याच्या भरात उमटलेले ८७३ मिलिमीटरचे दार नकाशावर कोणाला खुपत नाही, पण तेच पुढे सुताराच्या यादीत जाते. एकाच ब्लॉकमध्ये एकझडपी आणि दुझडपी अशी दोन्ही रूपे व्हिजिबिलिटी पॅरामीटरने ठेवता येतात, आणि लुकअपच्या तक्त्याने ‘डी १’, ‘डी २’ अशी खुणेची नावे मापांशी बांधता येतात. २०१० च्या आवृत्तीपासून भूमितीच्या अटीही ब्लॉकमध्ये घालता येऊ लागल्या. परंतु साध्या दारासाठी त्यांची गरज पडत नाही.

येथे एक तांत्रिक तपशील ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. प्रतिकृतीत फेरफार होताच ऑटोकॅड तिची निराळी, ताऱ्याच्या चिन्हाने आणि ‘यू’ या अक्षराने सुरू होणारी निनावी व्याख्या अंतर्भागात तयार करते. मूळ नावाशी तिचे नाते कायम राहते, परंतु हे नाते न ओळखणाऱ्या जुन्या आवृत्तीत फाइल उघडली तर दार दिसते, बदलत मात्र नाही. आणि एक्स्प्लोड ही आज्ञा दिली की त्या प्रतिकृतीचे सारे नियम नाहीसे होऊन उरतात त्या केवळ सुट्या रेषा. दुसऱ्याच्या नकाशात काम करताना ही आज्ञा कृपा करून हात राखून वापरावी.

ज्यांच्या संगणकावर एकाच दाराच्या अनेक फायली आहेत, त्यांनी पहिल्याच दिवशी खिडक्या, जिने आणि फर्निचर यांचा संसार मांडू नये. एक दार घ्यावे, रुंदीची यादी आणि दोन फ्लिप एवढेच त्याला द्यावे, टेस्ट ब्लॉकच्या खिडकीत प्रत्येक माप दोन्ही बाजूंनी उलटून पाहावे, आणि चाप, झडप व चौकट सर्वत्र जुळली तरच ते सहकाऱ्यांच्या हाती द्यावे.