वॉर्निंग गप्प करायची की ऐकायची?

लॅबमध्ये प्रोग्रॅम कंपाईल झाला, 'झिरो एरर्स' दिसलं की आपण खूष. खाली पाच वॉर्निंग्ज असल्या तरी बघतो कोण? लिनक्सच्या कर्नलमध्ये मात्र हा निवांतपणा महागात पडतो.

सी भाषेत फंक्शनच्या आत नुसतं व्हेरिएबल डिक्लेअर केलं तर त्यात शून्य असेलच असं नाही. स्टॅकच्या त्या जागेत आधीच्या फंक्शनचं जे उष्टं-खरकटं उरलं असेल, ते मिळतं. आपल्या प्रोग्रॅममध्ये फार तर उत्तर चुकेल. कर्नलमध्ये असा कचरा पॉइंटर म्हणून वापरला गेला तर अख्खं मशीन बंद पडू शकतं. अर्धवट भरलेलं स्ट्रक्चर युजरच्या प्रोग्रॅमकडे कॉपी झालं, तर कर्नलच्या मेमरीतली गुपितं बाहेर!

म्हणून जीसीसी बजावतो, की हे व्हेरिएबल कदाचित किंमत न देताच वापरलंय. यातला 'कदाचित' महत्त्वाचा. एका 'इफ'मध्ये किंमत भरली आणि तीच अट असलेल्या दुसऱ्या 'इफ'मध्ये वापरली, तर कोड बरोबर असतो. पण दोन अटींचा संबंध कंपायलरला दर वेळी जुळवता येत नाही.

अशा खोट्या वॉर्निंग्जसाठी २००७ मध्ये कर्नलमध्ये एक मॅक्रो आला. युक्ती काय, तर व्हेरिएबलला स्वतःचीच किंमत द्यायची, एक्स बरोबर एक्स! कंपायलर गप्प. पण पुढे कोणी कोड बदलून खरी चूक घुसवली तरी तो गप्पच. शेवटी २०२० मध्ये, ५.९ आवृत्तीत, हा मॅक्रो हद्दपार झाला. त्याच वर्षी खोट्या वॉर्निंग्जना वैतागून लिनस टॉरवाल्ड्स यांनी ही 'कदाचित'वाली वॉर्निंग नेहमीच्या बिल्डमधून बंदच केली.

मग सरळ 'बरोबर शून्य' लिहून मोकळं व्हावं का? इथेच खरी मेख आहे. कर्नलमध्ये बहुतेक फंक्शन्स शून्य परत करतात ते 'काम फत्ते' या अर्थाने. 'स्विच'मधली एखादी केस राहून गेली आणि एरर कोडला आधीच शून्य दिलेलं असलं, तर काहीच न करता फंक्शन यश कळवणार. त्यापेक्षा प्रत्येक वाट बोटाने तपासावी, आणि सुटलेल्या वाटेवर योग्य तो एरर कोड द्यावा. शून्याला खरोखर अर्थ असेल तिथेच शून्य.

२०२२ मध्ये आलेल्या जीसीसी १२ पासून स्टॅकवरची सगळी व्हेरिएबल्स आपोआप शून्य करायची सोय आहे. गुपितं त्याने झाकली जातात. वॉर्निंग मात्र जीसीसीने मुद्दाम चालू ठेवली आहे.