पोहून सायकलवर: ट्रायथलॉनमधली हातची मिनिटे

चाकणच्या एका प्रेसशॉपमध्ये डाय सेटिंगचे काम माझ्याकडे आहे. एक पार्ट संपला की जुनी डाय, म्हणजे प्रेसचा साचा, उतरवायची, नवी चढवायची. तेवढा वेळ प्रेस उभा, उत्पादन शून्य. सुट्टीच्या दिवशी मी ट्रायथलॉनची तयारी करतो: आधी पोहणे, मग सायकल, शेवटी धावणे. पाण्यातून बाहेर पडून सायकलवर बसेपर्यंतच्या टप्प्याला आम्ही टी-वन म्हणतो. स्पर्धेचे घड्याळ तिथेही चालूच असते, पण सरावात त्याची आठवण फार थोड्यांना होते.

हिशोब करून पाहा. गोव्यात 2019 मध्ये पहिल्यांदा झालेल्या आयर्नमॅन 70.3 चे अंतर असे: समुद्रात 1.9 किलोमीटर पोहणे, 90 किलोमीटर सायकल आणि 21.1 किलोमीटर धावणे. ताशी 30 च्या सरासरीने सायकलला 3 तास लागतात. त्यातली 3 मिनिटे वाचवायची तर सरासरी ताशी अर्ध्या किलोमीटरने वाढवावी लागते, तीही शेवटपर्यंत. टी-वनमध्ये टॉवेल, चष्मा, मोजे शोधण्यात तेवढी मिनिटे सहज जातात.

आमच्या धंद्यात यावर उत्तर जुने आहे. 1969 मध्ये टोयोटाच्या 1000 टनी प्रेसची डाय बदलायला 4 तास लागत. जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांनी ते काम आधी दीड तासावर आणि मग 3 मिनिटांवर आणले. त्यासाठी त्यांनी कामगारांना पळवले नाही. प्रेस थांबल्यावरच होणारी कामे आणि प्रेस चालू असताना उरकता येणारी कामे त्यांनी वेगळी केली, आणि जमेल तेवढे काम प्रेस थांबण्याआधीच आटोपले. टी-वनसाठी मी हीच विभागणी करतो.

आधी उरकायची कामे बरीच आहेत. ट्रायसूट घालूनच पोहावे, म्हणजे कपडे बदलावे लागत नाहीत. हेल्मेट हँडलवर उलटे ठेवावे, पट्टे बाहेर मोकळे, आत चष्मा. सायकल हलक्या गिअरवर, एनर्जी जेलची पाकिटे फ्रेमला चिकटवलेली, पायाची वाळू धुवायला जवळ पाण्याची बाटली. सकाळीच पाण्याच्या काठापासून आपल्या सायकलच्या रॅकपर्यंत आणि तिथून माउंट लाइनपर्यंत, म्हणजे जिच्यापुढे सायकलवर बसता येते त्या रेषेपर्यंत, चालून यावे, रांगा मोजाव्यात. दमलेल्या माणसाला शेकडो सायकलींत आपली पटकन दिसत नाही.

पोहण्याचा शेवटचा टप्पा म्हणजे चालू प्रेस. आडवे पोहताना बहुतेक काम हात करतात. एकदम उभे राहिले की रक्त पायांकडे उतरते आणि गरगरते. म्हणून शेवटच्या 200 मीटरमध्ये पाय जास्त मारावेत. गॉगल आणि टोपी धावता धावता काढावी.

आता रॅकपाशी तीनच गोष्टी उरतात: हेल्मेट, बूट, सायकल. बक्कल लागल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, हा नियम आहे. मोडला तर दंड होतो. माउंट लाइन ओलांडेपर्यंत सायकल ढकलतच न्यायची. मुरलेले खेळाडू बूट आधीच पेडलला अडकवतात आणि चालत्या सायकलवर पाय घालतात. नवख्याने हा प्रयोग करू नये. रॅकपाशीच बूट घालावेत. खाणेपिणे सायकलवर सावकाश होते.

सरावाला मला निगडीतल्या आमच्या सोसायटीचे पार्किंग पुरते. पहाटे गाड्या हलायच्या आत बादलीभर पाणी अंगावर ओतून घेतो, कारण ओल्या बोटांनी बक्कल लावणे हेच खरे कौशल्य आहे. थोरली मुलगी मोबाइलवर वेळ लावते आणि कुठे अडखळलो ते सांगते.

पिंपरी-चिंचवडचे पोलीस आयुक्त राहिलेले कृष्ण प्रकाश यांनी 2017 मध्ये फ्रान्समध्ये पूर्ण आयर्नमॅन पार केली: 3.8 किलोमीटर पोहणे, 180 सायकल, 42.2 धावणे. पोलिसाची नोकरी सांभाळून हे होते, तर आपल्या कारखान्यांच्या पट्ट्यातल्या शिफ्टवाल्यांनीही कचरू नये. पोहण्यातला वेग वाढायला महिने लागतात, सायकलचा वाढवायला पैसाही लागतो. टी-वनला मात्र एक बादली पाणी आणि रविवारची पंधरा मिनिटे पुरतात. पहिल्या स्पर्धेचे नाव नोंदवले असेल, तर या रविवारपासूनच हा सराव सुरू करा.