अदलाबदलीचा ताळेबंद

ठरावीक रकमेत उत्तमातील उत्तम कसे साधावे, हा प्रश्न गृहिणीला, व्यापाऱ्याला आणि शाखाधिकाऱ्याला जसा पडतो, तसाच तो क्रीडासंघाच्या व्यवस्थापकालाही पडतो. १९८० साली न्यूयॉर्कमध्ये डॅनियल ओक्रेंट हे लेखक आणि त्यांचे मित्र यांनी या प्रश्नाचाच एक खेळ केला. खऱ्या बेसबॉलपटूंचे काल्पनिक संघ, प्रत्येक संघमालकाला सारखीच रक्कम, लिलाव आणि पुढे हंगामभर खेळाडूंची देवाणघेवाण! गुण मात्र खऱ्या सामन्यांतील कामगिरीवरून.

झाशीत दतिया गेटच्या परिसरात आम्हा काही बँक कर्मचाऱ्यांची अशीच एक क्रिकेट लीग वहीच्या पानांवर चालते. प्रत्येकाकडे कागदावरचे शंभर कोटी; खऱ्या पैशाचा व्यवहार नाही. लिलाव तासाभरात आटोपतो, अदलाबदलीची बोलणी मात्र आठवडाभर रंगतात. एकाकडे दोन यष्टिरक्षक, दुसऱ्याकडे गोलंदाजांची चणचण. आपल्याकडील जादा ते समोरच्याची निकड ठरते आणि तेथूनच सौदा सुरू होतो.

याचे उत्तम उदाहरण आयपीएलमध्ये सापडते. २००८ च्या पहिल्या लिलावात प्रत्येक संघाला ५० लाख डॉलरची खर्चमर्यादा होती. त्या वेळी बंगळुरूने श्रीरामपूरच्या झहीर खानला ४.५ लाख डॉलरला, तर मुंबईने रॉबिन उथप्पाला ८ लाख डॉलरला घेतले होते. २००९ च्या हंगामापूर्वी या दोघांची अदलाबदल झाली. किमतीत एवढी तफावत असूनही सौदा जुळला, कारण एका संघाला फलंदाज हवा होता, तर दुसऱ्याला डावखुरा वेगवान गोलंदाज. त्याच वर्षी बंगळुरू, तर पुढच्या वर्षी मुंबई अंतिम सामन्यात पोहोचली.

खर्चमर्यादेचा काच २०२३ मध्ये अधिक स्पष्ट दिसला. हार्दिक पंड्याला १५ कोटींना गुजरातकडून परत आणताना मुंबईने १७.५ कोटींचा कॅमेरून ग्रीन बंगळुरूला दिला. एका खात्यात जमा करण्यासाठी दुसऱ्यात जागा करावी लागते, तसेच हे! मात्र २०२४ च्या हंगामात मुंबई तळाला राहिली. हिशेब जुळला म्हणजे संघ जुळतोच असे नाही.

बोलणी कोणी करावी यालाही शिस्त आहे. आपल्या संघाला डावलून परस्पर दुसऱ्या संघाशी वाटाघाटी केल्याबद्दल रवींद्र जडेजाला २०१० चा संपूर्ण हंगाम बाहेर बसावे लागले. तोच जडेजा २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये रीतसर अदलाबदलीत चेन्नईहून राजस्थानकडे गेला आणि संजू सॅमसन चेन्नईकडे आला. या सौद्यात जडेजाचे मानधन १८ कोटींवरून १४ कोटींवर आले.

या साऱ्यातून काही व्यवहारसूत्रे निघतात. प्रस्ताव मांडण्यापूर्वी समोरच्याचा ताळेबंद वाचावा. खेळाडूसाठी मोजलेली रक्कम विसरून त्याची उरलेली उपयुक्तता पाहावी. आणि समोरच्याला पुरते नागवू नये. पुढच्या हंगामात त्याच्याच दारी जावे लागते.

जाता जाता एक सूचना. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेल्या कायद्याने बंदी घातली असून, अशा व्यवहारांना साहाय्य करण्यास बँकांनाही मनाई केली आहे. तेव्हा वाचकहो, कोट्यवधींचे सौदे अवश्य करा, पण ते वहीतच राहू द्या!