विमानाचे स्वस्त तिकीट : हिशेब घराच्या उंबऱ्यापासून करा

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही अम्मींना तीन दिवसांसाठी हैदराबादला नेले. त्यांची धाकटी बहीण, आमच्या खालाजान, तिथे राहतात. दोघी बहिणींची सहा वर्षे गाठ नव्हती. एकदा फोनवर खालाजान म्हणाल्या, "आपा, अब मेरी मिट्टी कूच आते क्या?" त्या रात्री अम्मी जेवल्या नाहीत.

अम्मींचे वय ७६, गुडघे धरलेले. पुण्याहून सिकंदराबादला जाणाऱ्या शताब्दीलाही आठ तासांहून अधिक लागतात. तेवढा वेळ बसणे त्यांना जमणारे नव्हते. विमानाने हा प्रवास साधारण सव्वा तासाचा. पण आम्ही दोघे शिक्षक, पदरी नववीतली मुलगी. विमान आपले नव्हे, असेच वाटायचे. तिकिटे शोधताना जे शिकलो, ते वाचक भगिनी-बंधूंच्या उपयोगी पडावे म्हणून लिहीत आहोत.

दिसते ते भाडे नव्हे

आम्ही अहिल्यानगरचे. पुण्याचा विमानतळ आणि छत्रपती संभाजीनगरचा चिकलठाणा विमानतळ, दोन्ही आम्हाला जवळपास सारखेच दूर. तिकिटे विकणाऱ्या एका संकेतस्थळावर पुण्याहून माणशी २,८९९ रुपये दिसले. चौघांचे ११,५९६. आम्ही खूश! पण पैसे भरायच्या पानावर आकडा १४,७९२ झाला होता. आसन निवडण्याचे १,०००, सुविधा शुल्क १,४०० आणि आम्ही न मागता खूण केलेल्या विम्याचे ७९६ त्यात मिसळले होते. आसन विकत घेणे सक्तीचे नसते. वेब चेक-इनच्या वेळी उरलेल्यांपैकी एखादे मोफत मिळते. विम्याची खूण आपण काढू शकतो. म्हणून शेवटचे पान सावकाश वाचावे.

पुढे लक्षात आले की ते विमान पहाटे सहाच्या आधीचे. म्हणजे मध्यरात्री घर सोडायचे आणि खासगी गाडीला ४,००० रुपये द्यायचे. एकूण १८,७९२, आणि अम्मींची रात्रभर जागरणाची शिक्षा वेगळी.

मग संभाजीनगरचे दिवसाउजेडीचे विमान पाहिले. भाडे माणशी ३,४५०, दिसायला महाग. पण विमान कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर, सर्व शुल्क धरून, चौघांचे १४,६०० झाले. सकाळी एसटीने गेलो. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत आणि महिलांना निम्मे भाडे, त्यामुळे बसचा खर्च पाचशेच्या आत, वर रिक्षाचे तीनशे. एका बाजूचे सुमारे ३,४०० रुपये वाचले. जे तिकीट महाग दिसत होते, तेच स्वस्त पडले.

वार आणि माणसांची संख्या

सणाच्या तोंडावर आणि सुट्टी संपतानाच्या रविवारी भाडे चढते. शिक्षकांना सुट्टीबाहेर जाता येत नाही, पण सुट्टीतले मधले वार निवडता येतात. आम्ही मंगळवारी गेलो, गुरुवारी परतलो. हैदराबादचे सालारजंग संग्रहालय शुक्रवारी बंद असते, तेही यात साधले.

दुसरी गोष्ट. एकाच विमानातल्या जागा वेगवेगळ्या दरांच्या गटांत विकल्या जातात. स्वस्त गटात दोनच जागा उरल्या असतील आणि आपण चौघांसाठी शोधले, तर बहुधा चौघांनाही वरचा दर दिसतो. म्हणून एकदा दोघांसाठी शोधून पाहावे. मात्र तिकिटे वेगळी काढली, तर वृद्ध माणूस आणि त्याला सांभाळणारे एकाच तिकिटावर असावेत.

नावाची चूक

आपल्या घरांतली ही नेहमीची अडचण. अम्मींच्या आधारवर नावापुढे 'बी', मतदार ओळखपत्रावर 'बेगम'. आम्ही घाईत 'बेगम' लिहिले. संध्याकाळी मुलीने आधारशी ताडून पाहिले तेव्हा कळले. तिकीट थेट कंपनीच्या संकेतस्थळावरून काढले असेल आणि चूक चोवीस तासांच्या आत कळवली, तर त्याच प्रवाशाच्या नावाच्या दुरुस्तीचे पैसे लागत नाहीत. आमचे काम एका फोनवर झाले. 'शेख' आधी की नंतर, 'बी' की 'बेगम', हे प्रवासात दाखवायच्या ओळखपत्रासमोर ठेवूनच भरावे.

सामान आणि चाकाची खुर्ची

देशांतर्गत विमानात साधारणपणे जवळ ७ किलो आणि खाली १५ किलो सामान चालते, पण सर्वांत स्वस्त दरात काही वेळा खालचे सामान धरलेले नसते. तीन दिवसांना पाठीवरची पिशवी पुरते. खालाजानसाठी नेलेला लाडवांचा डबा आम्ही घरीच तोलून घेतला. अम्मींसाठी चाकाच्या खुर्चीची नोंद तिकीट काढतानाच केली. कर्मचाऱ्याने दारापासून विमानापर्यंत नेले. वेगळे पैसे पडले नाहीत.

शमशाबाद विमानतळ शहरापासून दूर आहे. तिथून पुष्पक बस शहरात जाते आणि टॅक्सीपेक्षा बरीच स्वस्त पडते. दुसऱ्या दिवशी मुलीला १५९१ सालचा चारमिनार दाखवला, लाड बाजारातून बांगड्या घेतल्या. अम्मी मात्र कुठेही आल्या नाहीत. दोन दिवस त्या बहिणीच्या पलंगावर बसून होत्या. दोघी कधी हसत, कधी रडत.

परतताना खालाजाननी विचारले, "आपा, जहाज में डर लगा क्या?" अम्मी म्हणाल्या, "डरने को टाइम कहाँ मिला? चाय पीने तक तेरा गाँव आया."

येत्या मे महिन्याच्या सुट्टीसाठी आम्ही आतापासूनच तारखा पाहायला लागलो आहोत, इन्शाअल्लाह. या वेळी खालाजानना आमच्याकडे आणायचे आहे.