हिरड्यांसाठी गोळी: किती खरी, किती पूरक?

हिरड्यांत जंतू साठले की पांढऱ्या पेशी त्यांच्यावर ऑक्सिजनच्या तीव्र रेणूंचा मारा करतात. मारा लांबला तर हिरडी आणि दाताखालचं हाडही झिजतं. अँटिऑक्सिडंट हे रेणू निकामी करतात, म्हणून पायोरियाच्या, म्हणजे हिरड्यांच्या या आजाराच्या, उपचारात त्यांचा विचार होतो.

टोमॅटोला लाल रंग देणाऱ्या लायकोपिनची चाचणी भारतातच झाली. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हिरड्या सुजलेल्या 20 रुग्णांपैकी निम्म्यांना दोन आठवडे रोज 8 मिलिग्रॅम लायकोपिन मिळालं. दात साफ करून सोबत गोळी घेतलेल्यांना सर्वाधिक आराम पडला. रुग्ण थोडे, मुदत अपुरी; तरी दिशा आशादायक आहे.

मात्र दातांवरचं किटण कोणतीही गोळी काढत नाही. त्यासाठी दंतवैद्याकडून किटण खरवडून घेणं, म्हणजे स्केलिंगच हवं. धुळ्यात दंत महाविद्यालय आहे, तिथं ते करून घेता येतं.

क जीवनसत्त्वही अँटिऑक्सिडंटच, आणि ते फळांतून मिळतं. जळगावच्या केळ्यात 100 ग्रॅममागे 10 मिलिग्रॅमहूनही कमी क जीवनसत्त्व असतं, पेरूत 200 हून जास्त. फोडी करून खाल्लेला पेरू गोळ्यांच्या महागड्या डबीपेक्षा आधी आठवावा.

तंबाखू, विडी ओढणाऱ्यांनी मनानं गोळ्या मुळीच घेऊ नयेत. फिनलंडमध्ये 29 हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांच्या चाचणीत बीटा-कॅरोटिन हे अँटिऑक्सिडंट घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्के जास्त आढळला (1994). खानदेशात मिश्रीनं, म्हणजे भाजलेल्या तंबाखूच्या पुडीनं, दात घासणाऱ्या बायकांसाठी तर पहिला उपचार मिश्री सोडणं हाच.