जनावराची त्वचा, ज्ञानेंद्रियें व पान्हा

येरवड्याचें नांव निघालें म्हणजे तेथील मध्यवर्ती कारागृह आठवतें, आणि त्याबरोबर महात्मा गांधींचें शेळीचें दूधही आठवतें. १९२२ ते १९२४ च्या तेथील बंदिवासांत हें दूध त्यांच्या आहारांत होतें. गाईम्हशींचें दूध त्यांनीं पूर्वींच सोडलें होतें. कलकत्त्याकडील गवळी जनावरांवर करीत असलेले अत्याचार हें त्याचें एक कारण असल्याचें त्यांनीं आत्मचरित्रांत सांगितलें आहे. १९१८ सालीं सुरू झालेल्या दुखण्यांत कस्तुरबांच्या सूचनेवरून ते शेळीचें दूध घेऊं लागले. त्या अत्याचारांत मुख्य म्हणजे फुंका. दूध चोरणाऱ्या जनावराच्या योनिमार्गांत नळीनें वारा फुंकण्याची चाल. गाईम्हशीस फुंका घालण्याची दुर्बुद्धि कां होते आणि शेळीच्या बाबतींत ती सहसा कां होत नाहीं, याचें उत्तर जनावराच्या शरीररचनेंत आहे. दुधाचा धंदा करणाऱ्या प्रत्येकानें तें समजून घ्यावें, म्हणून आम्ही हा विषय येथें मांडीत आहों.

सस्तन प्राण्यांचीं ठळक लक्षणें दोन: अंगावर केस आणि पिलांसाठीं दूध. हीं दोन्हीं त्वचेपासूनच निर्माण होतात. त्वचेचा वरचा थर पातळ असून त्यांत रक्तवाहिन्या नसतात. खालचा थर जाड व चिवट. त्यांत रक्तवाहिन्या, मज्जातंतु, केसांचीं मुळें व ग्रंथि असतात. गाईच्या प्रत्येक केसाच्या मुळाशीं एक घर्मग्रंथि, तेलकट द्रव स्रवणारी एक ग्रंथि आणि केस उभा करणारा एक बारीक स्नायु असतो. शिंगाचें बाहेरचें कवच व खुरांचा कठीण भाग हींही त्वचेचींच रूपांतरें होत. इतकेंच नव्हे, तर कासही मूळची त्वचेंतील ग्रंथिच आहे. कासेकडे दुधाचें निराळें यंत्र म्हणून पाहणारा मनुष्य येथेंच फसतो. कारण कातडीस जें सोसत नाहीं तें कासेसही सोसत नाहीं.

घामाचेंच उदाहरण घेऊं. म्हशीच्या कातडींत घर्मग्रंथींची दाटी गाईच्या सुमारें एकषष्ठांश असते. शिवाय तिचा रंग काळा आणि केस विरळ. त्यामुळें ऊन शोषलें जातें फार, आणि उष्णता बाहेर टाकण्याचा मार्ग अपुरा. म्हैस पाण्यांत बसते ती आळसानें नव्हे, तर शरीराची उष्णता राखण्यासाठीं. उन्हाळ्यांत तिला पाणी न मिळाल्यास चारा कमी खाल्ला जातो, दूध आटतें आणि माज मुका राहतो. येरवड्याच्या काठची मुळा-मुठा आतां शहराच्या सांडपाण्यानें दूषित झाली आहे. अशा पाण्यांत जनावर बसविल्यास सडांवाटे रोगजंतु शिरून कासदाह होण्याचें भय असतें. तेव्हां ज्यांच्या गोठ्याजवळ स्वच्छ पाणवठा उरला नाहीं, त्यांनीं दाट सावली करावी आणि दुपारच्या वेळीं तीनचार वेळां स्वच्छ पाणी म्हशीच्या अंगावर ओतावें. याउलट नाशिक-नगरकडील घाटमाथ्याची डांगी गाय पाहावी. तिच्या त्वचेंतून तेलकट द्रव पाझरतो व तिकडच्या मुसळधार पावसांत तोच तिचें रक्षण करतो. ज्या मुलुखाचें जनावर, त्या मुलुखास साजेशी त्याची कातडी.

आतां ज्ञानेंद्रियें पाहूं. गाईचे डोळे डोक्याच्या दोहों बाजूंस असल्यामुळें तिला सभोंवार सुमारें ३३० अंशांचा देखावा दिसतो; मात्र अगदीं पाठीमागचें दिसत नाहीं. म्हणून मागून अचानक अंगास हात लावल्यास ती लाथ झाडते. खोलीचा अंदाज तिला नीट येत नाहीं. त्यामुळें जमिनीवरची गडद सावली किंवा चकाकणारें डबकें तिला खड्ड्यासारखें भासतें व ती थबकते. तेथें काठी मारणें व्यर्थ होय. मनुष्यास सेकंदाला सुमारें २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनि ऐकूं येतो, गाईस सुमारें ३५,००० पर्यंतचा. म्हणून पत्र्याचा कर्कश आवाज तिला आपल्याहून अधिक टोंचतो. नाक तर तिचें मुख्य इंद्रिय. व्यालेली गाय वासरूं चाटतां चाटतां त्याचा वास ओळखून घेते व पुढें त्याच वासावर त्याला आपलें म्हणते. तिच्या ओलसर मुसकटावरील रेषा आपल्या बोटांच्या ठशांप्रमाणें प्रत्येक जनावराच्या वेगळ्या असतात.

परंतु दूधवाल्याच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचें इंद्रिय म्हणजे स्पर्श. वासरानें सड तोंडांत धरला किंवा हातानें कास चोळली, म्हणजे सडाच्या कातडींतील मज्जातंतु ती वर्दी मेंदूकडे पोंचवितात. मेंदूच्या तळाशीं असलेल्या पियूषिका ग्रंथींतून ऑक्सिटोसिन नांवाचा द्रव रक्तांत उतरतो व कासेंत येतो. तेथें द्राक्षाच्या घडाप्रमाणें असलेल्या सूक्ष्म पिशव्यांभोंवतींच्या पेशी आंवळल्या जाऊन दूध खालीं लोटलें जातें. हाच पान्हा. गाईस याला सुमारें एक मिनिट लागतें, म्हशीस बहुधा त्याहून अधिक. याचा जोर थोडींच मिनिटें टिकतो. म्हणून पान्हा आल्यावर धार न थांबतां काढावी.

येथेंच शेळीचा भेद कळतो. शेळीच्या कासेच्या तळाशीं मोठी पोकळी असते आणि अर्ध्याहून अधिक दूध तींत आधींच जमलेलें असतें. म्हशीची ही पोकळी अगदीं लहान; जवळजवळ सगळें दूध वरच्या पिशव्यांत अडकलेलें असतें. पान्ह्यावांचून शेळी बरेंच दूध देते, म्हैस जवळजवळ कांहींच देत नाहीं.

आणि पान्हा भयानें अडतो. मारहाण, कुत्र्याचें भुंकणें, अनोळखी मनुष्य, कासेवरची जखम यांपैकीं कशानेंही अॅड्रिनलिन नांवाचा द्रव रक्तांत येऊन सारी क्रिया बंद पडते. आपण म्हणतों, म्हशीनें दूध चोरलें. वास्तविक तिनें चोरलेलें नसतें, आपणच तें कोंडलेलें असतें. फुंक्यानें जननमार्ग ताणला जाऊन तेथील मज्जातंतु तोच द्रव सोडावयास लावतात. म्हणजे प्रेमानें जें काम सडाच्या कातडीवर व्हावें, तें क्रौर्यानें नाजूक अंतर्भागावर केलें जातें. त्यांत इजा होते, जंतुसंसर्ग होतो. प्राणिक्रूरता-प्रतिबंधक कायदा, १९६०, याच्या १२ व्या कलमानें फुंका हा गुन्हा ठरविला आहे. दूध वाढविण्यासाठीं जनावराच्या प्रकृतीस अपाय करणारें इंजेक्शन टोंचणें हाही त्याच कलमाखालीं गुन्हा आहे.

म्हणून आमची शेतकरी बंधूंस विनंति आहे कीं, धारेची वेळ, जागा व शक्यतों धार काढणारा मनुष्य बदलूं नये. धारेपूर्वीं कास कोमट पाण्यानें धुऊन, पुसून, हळुवार चोळावी. आंबोण पुढें ठेवावें, कुत्रें दूर बांधावें आणि गोठ्यांत आरडाओरड करूं नये. यास खर्च फारसा नाहीं, आणि कासेंत तयार असलेलें दूध पुरतेंपणीं भांड्यांत येण्याचा याहून सोपा मार्गही नाहीं.